चौथीच्या वर्गात राउंड: मुलं एकमेकांच्या ओळीत घसरतात, काय करावं?

लष्करची सून | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका शाळेत पहिली ते पाचवीला संगीत शिकवते. चौथीत बेचाळीस मुलं, आठवड्याला एकच तास, तोही पस्तीस मिनिटांचा, आणि त्यातली सहा-सात मिनिटं रांग लावून खोलीत येण्यात जातात. मराठी घरातली मुलं पाच-सहा, बाकी सगळा वर्ग हिंदी बोलणारा. साहित्य म्हणाल तर एक पेटी, एक ढोलक.

यंदा प्रार्थना आणि देशभक्तीपर गीतांपलीकडे काही करावं म्हणून राउंड घ्यायला सुरुवात केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिला गट गाणं सुरू करतो, तो दुसऱ्या ओळीवर पोचला की दुसरा गट पहिल्या ओळीपासून सुरू करतो, मग तिसरा. गाणं एकच, पण सगळे एकमेकांच्या मागून. मुलांना मी सांगितलं की ही गाण्यातली पाठशिवणी आहे. नाव आवडलं त्यांना. फार आवडलं, तीच अडचण झाली.

घेतलं ते जगभर पहिलं शिकवतात तेच, फ्रेंच ‘फ्रेर जाक’. शब्द बाजूला ठेवून सरगम. प्रत्येक ओळ दोनदा:

सा रे ग सा
ग म प –
पध पम ग सा
सा प़ सा –

सगळ्यांनी मिळून म्हटलं तेव्हा झकास. दोन गट केले आणि तिसऱ्या ओळीपर्यंत सगळा वर्ग एकच ओळ म्हणत होता, कारण दुसरा गट उडी मारून पहिल्याला जाऊन मिळाला. पाठशिवणीत पकडायचंच असतं ना, मग पकडलं! पुढच्या आठवड्यात मुलांनी कानात बोटं घातली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. शेजारच्या पाचवीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, “मॅडम, ये लोग हमारे गाने में घुस रहे हैं.”

घरी सांगितलं तर सासरे हसले. आयुष्यभर या गावात ख्याल ऐकलेला माणूस. म्हणाले, “पोरगा बरोबर बोलतोय. दुसऱ्याच्या गाण्यात घुसू नये हे शिकवायचं सोडून तू घुसायला शिकवतेस.”

तर कुठल्या क्रमाने शिकवू? आपल्या स्वरांत बसणारं काही आहे का? आणि याने मुलांचा सूर खरंच बिघडतो का?

---

बिनपगारी श्रोता | रविवार, रात्री ९:३२

कानात बोटं घालू देऊ नका, एवढंच कळतं मला. वाचतोय.

---

राजवाड्यापासून | रविवार, रात्री १०:४८

लष्करताई, इंदूरला बावीस वर्षं शाळेत हेच करतेय. तुमच्या वर्गात झालं ते प्रत्येक वर्गात होतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आधी एक विचारते. पेटीवर सा कुठला धरलात? या चालीत खाली मंद्र पंचम आहे, म्हणजे खालच्या सप्तकातला प (प़), आणि वर धैवत. सा काळी एकवर, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर, असेल तर शेवटच्या ओळीतला प़ नऊ वर्षांच्या मुलांना लागतच नाही, ती तिथे नुसती पुटपुटतात. आणि ज्या गटाची ओळ पुटपुटली जाते तो गट शेजाऱ्याच्या ओळीत घसरतो. पांढरी चार घेऊन बघा, सगळी चाल वर सरकेल. निम्मं दुखणं तिथेच जाईल.

दुसरं, गाणं पाठ झालं म्हणजे तयार झालं असं नाही. मी एक खेळ घेते. सगळे मिळून गात असताना मी मूठ मिटली की आवाज बंद, गाणं मनात चालू. मूठ उघडली की मोठ्याने, जिथे पोचले असतील तिथून. सगळा वर्ग एकाच स्वरावर उगवला तर गाणं तयार. अर्धे इकडे अर्धे तिकडे उगवले तर अजून दोन आठवडे गट पाडायचे नाहीत. हा खेळ मुलं मागून घेतात, त्यामुळे कंटाळा येत नाही.

मग पुढची पायरी, पण अजून राउंड नाही. निम्म्या वर्गाने फक्त शेवटची ओळ, सा प़ सा –, पुन्हा पुन्हा म्हणत राहायची, टेक धरल्यासारखी. बाकीच्यांनी वरून पूर्ण गाणं म्हणायचं. इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की आपण एक म्हणताना कानावर दुसरं पडलं तरी चालतं, उलट बरं वाटतं. मग अदलाबदल.

यानंतर वर्गाने सुरुवात करायची आणि दुसरा गट म्हणजे एकट्या तुम्ही, हळू आवाजात. आठवड्याभराने उलट: तुम्ही पुढे, वर्ग मागून. हे जास्त अवघड, कारण बाई पुढे गेल्या की त्यांच्या मागे धावायची सवय मुलांना आपणच लावलेली असते. ते जमलं की मगच वर्गाचे दोन गट. तीन गट दिवाळीनंतर. चार गट... माझ्या बावीस वर्षांत फक्त दोन वर्गांना जमले.

गटाचा नायक निवडताना मोठ्या आवाजाचा पोरगा निवडू नका. लयीला पक्का निवडा. बहुतेक वेळा ती कोपऱ्यात बसणारी एखादी मुलगी निघते.

---

जवारी | सोमवार, सकाळी ६:५५

सासरेबुवांशी सहमत.

आपलं संगीत एका स्वरावर थांबून तो तपासण्याचं आहे. मुलाने सा लावला की तो तंबोऱ्यात विरघळला की नाही हे त्याला ऐकू यायला हवं. आजूबाजूला तिघं तीन वेगळ्या ओळी म्हणत असताना तो काय ऐकणार? चौथीच्या वयात कान घडतो. त्या वयात कल्ला ऐकवला तर पुढे गुरूने काय करायचं? आणि हे ग्वाल्हेरला, जिथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी गायकी महाराष्ट्रात आणली! पाहुण्यांची चाल शिकवण्याऐवजी भूप रागाचा एक छोटा ख्याल शिकवा, पुण्य लागेल.

---

दांडियाबाजार | सोमवार, दुपारी १:२०

जवारी, तुमचा मुद्दा कान घडण्याचा आहे तिथवर मान्य. पण “पाहुण्यांची चाल” म्हणालात म्हणून आमच्या बडोद्यातून जरा लांबलचक उत्तर.

बेचाळीस मुलांना एका खोलीत बसवून, फळ्यावर स्वर लिहून गाणं शिकवणं ही गोष्टच मुळात आपल्याकडे कुठे होती? गुरूसमोर एक शिष्य, फार तर चार. सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली, स्वरलिपी केली, मुलांना वर्गात शिकवलं. भातखंड्यांनी १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरवली आणि दोनच वर्षांनी, १९१८ साली, तुमच्या ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय उभं राहिलं. आणि तुम्ही बाळकृष्णबुवांचं नाव घेतलंत, तर त्यांच्याच शिष्याने, विष्णु दिगंबरांनी, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्ग भरवले. वर्ग हीच पाहुण्यांकडून घेतलेली वस्तू आहे. ती घेतली तेव्हाही सूर बुडणार म्हणून ओरड करणारे असणारच. मग वर्गात शोभणारं गाणं घेतलं तर काय बिघडलं?

आता कानाचं. तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार एकटी छेडा आणि ऐकत राहा. तिच्यातून गंधार वर येतो, स्वयंभू म्हणतो तो. पंचमही येतो. म्हणजे सा, ग, प एकाच तारेत नांदतात. वरच्या फ्रेंच चालीत प्रत्येक ओळीचा पहिला स्वर बघा: सा, ग, प, सा. तिसऱ्या मात्रेवर: ग, प, ग, सा. चार गट चार ओळींवर असले तरी ठोक्यावर तेच तीन स्वर एकत्र येतात. कल्ला नाही हो, एका तारेतलं कुटुंबच आहे ते.

---

जवारी | सोमवार, दुपारी २:०५

तारेतला गंधार आणि तुमच्या पेटीतला गंधार एक नव्हे. पेटीचा किंचित चढा असतो.

---

दांडियाबाजार | सोमवार, दुपारी २:११

शंभर टक्के. म्हणूनच पेटी बंद ठेवायची! पेटीवर चाल वाजवली की सगळे गट पेटीमागे जातात, हेही एक कारण. नुसता तंबोरा लावा, मोबाइलवरचा चालेल. तीन गटांनी सा-ग-प धरून थांबवून बघा, गंधारवाली मुलं आपोआप जरा खाली सरकून जागेवर बसतात. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं.

---

मात्रामास्तर | सोमवार, रात्री ८:४०

मी गणिताचा माणूस, तबला हौसेपुरता. पण धागा वाचून कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि एक गंमत सापडली. नवं गाणं लागतच नाही, साधी सरगम राउंडमध्ये म्हणता येते. अट एकच, दुसऱ्या गटाने दोन मात्रांनंतर यायचं.

पहिला: सा रे ग म प ध नि सां नि ध प म ग रे
दुसरा: – – सा रे ग म प ध नि सां नि ध प म
तिसरा: – – – – सा रे ग म प ध नि सां नि ध

उभे कॉलम वाचा. पाचव्या मात्रेला प-ग-सा. सहाव्या मात्रेला ध-म-रे. दहाव्या मात्रेला ध-सां-ध. चौदाही मात्रांत शेजारशेजारचे दोन स्वर एकदाही एकमेकांवर येत नाहीत, एक तरी स्वर सोडून जोडी जमते किंवा थेट एकच स्वर होतो. नवव्या मात्रेला तर पहिला गट वरून उतरताना आणि दुसरा चढताना दोघेही निषादावर भेटतात. जिन्यात भेटल्यासारखे.

फक्त तार सां एकदाच घ्यायचा. आपल्याकडे आरोह सां वर संपवतात आणि अवरोह पुन्हा सां पासून सुरू करतात, ती सवय इथे नडेल. सां दोनदा घेतलात की एका गटाचा सां आणि दुसऱ्याचा नि एकाच वेळी वाजतील, आणि तेही लागोपाठ दोन मात्रा. खालचा सा सुद्धा एकदाच. मग आवर्तन बरोबर चौदा मात्रांचं होतं आणि गोल गोल कितीही वेळ फिरवता येतं.

दोनऐवजी एकाच मात्रेनंतर आलात तर काय होतं ते मुद्दाम एकदा ऐकवा. सा वर रे, रे वर ग, प्रत्येक मात्रेला ठेच.

---

बिनपगारी श्रोता | सोमवार, रात्री ९:०२

बायको आणि मुलीला उभं करून करून पाहिलं. निषादावर भेटलो! मी तिसरा गट होतो, मला कोणी भेटलं नाही.

---

मात्रामास्तर | सोमवार, रात्री ९:१५

अकराव्या मात्रेला भेटायला हवी होतीत दुसऱ्या गटातली मंडळी, तिथेही निषादच. तुम्ही उशिरा आलात.

---

भोपाळी | मंगळवार, सकाळी ११:३०

अवांतर: इंदूरला पेटीचे सूर जुळवून देणारं कोणी आहे का? व्यक्तिगत निरोप करा.

---

राजवाड्यापासून | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

मात्रामास्तर, उद्याच पाचवीला करते.

त्यात एक भर. हाताच्या खुणा. हंगेरीच्या कोदाय यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. मी आपल्या सोयीने साधं करते: कमरेपाशी हात म्हणजे सा, छातीपाशी ग, खांद्यापाशी प, डोक्यावर सां. उजवा हात उजव्या गटासाठी, डावा डाव्यासाठी. आधी दोन्ही हात बरोबर. मग उजवा एक स्वर पुढे नेऊन थांबायचं, डावा मागून येतो. मुलं हाताकडे बघून गातात, त्यामुळे शेजाऱ्याकडे लक्ष जात नाही. राउंडच्या आधीची ही सगळ्यात उपयोगी पायरी, पण हात भरून येतात हे सांगून ठेवते.

गट कसे उभे करायचे हेही विचारलं नव्हतंत, तरी सांगते. सुरुवातीला खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन रिंगणं, तोंडं आत. आपल्याच गटाचा आवाज जवळून, दुसऱ्यांचा लांबून. दर आठवड्याला रिंगणं एकेक पाऊल जवळ. शेवटी एकात एक, आतलं रिंगण आणि बाहेरचं.

---

दांडियाबाजार | मंगळवार, रात्री १०:२०

रिंगण म्हणालात म्हणून आठवलं, आमच्याकडची मुलं या बाबतीत थोडी नशीबवान. नवरात्रात गरबा गवडावणारी एक ओळ म्हणते आणि बाकीच्या झीलतात. आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्याचा झील तोच. ओळ पुरती संपायच्या आतच मागचे उचलतात, भजनात टाळकरीही तसंच करतात. तेव्हा “दुसऱ्याच्या गाण्यात घुसणं” आपल्याला अगदीच परकं नाही. राउंडमध्ये ते शिस्तीत, मात्रा मोजून करतात इतकंच. हा खेळ तिकडेही जुनाच, इंग्लंडमध्ये लिहून ठेवलेला एक राउंड तेराव्या शतकातला आहे: चार आवाज एकमेकांच्या मागून आणि खाली दोन आवाज टेक धरून. राजवाडाताईंची टेकवाली पायरी त्यात आयती आहे बघा.

लष्करताईंनी आपल्या स्वरांतलं मागितलं होतं. माझ्या वर्गासाठी बांधलेली चार ओळींची चाल देते, वापरा. भूपाचे स्वर, केरवा, ओळीला आठ मात्रा.

सा सा सा रे | ग – ग –
आ ले ढ ग | आ – ले –

ग ग ग प | प – प –
का ळे का ळे | झा – ले –

प ध सां – | सां ध प –
ग डा वर – | थां ब ले –

ग रे सा – | सा – सा –
वि रू न – | गे – ले –

दुसरा गट आठ मात्रांनंतर. भूपात म आणि नि नाहीत, म्हणजे अर्ध्या स्वराची टक्कर कुठेच होऊ शकत नाही. एखादा गट चुकून मात्राभर सरकला तरी फार बोचत नाही. शिकाऊ वर्गाला एवढी माफी हवीच. यात मंद्र सप्तक नाही, त्यामुळे तुमची काळी एकसुद्धा चालेल.

---

लष्करची सून | मंगळवार, रात्री ११:०५

गडावर थांबून विरून गेले! ताई, तुम्ही आमचा श्रावण बघितला आहे का? 😄

सगळ्यांचे मनापासून आभार. सा काळी एकच होता. करून बघते आणि कळवते.

---

लष्करची सून | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:३०

कळवायला उशीर झाला, मधे परीक्षा होत्या.

पहिला तास मूठ मिटण्याच्या खेळात गेला. पहिल्या दोन वेळा बेचाळीस मुलं बेचाळीस ठिकाणी उगवली. लय पळते, हे तेव्हा कळलं. मनात गाताना तर फारच पळते. मग ढोलक बाजूला ठेवून सगळ्यांना जागच्या जागी पावलं टाकायला लावली, एका मात्रेला एक पाऊल. तिथून सुधारलं.

दुसऱ्या तासाला ढग. टेक धरायला “विरून गेले” दिलं. हे छान झालं, इतकं की टेकवाला गट गाणं संपल्यावरही थांबेना. दोन गटांचा राउंड त्याच तासाच्या शेवटी जमला. अगदी बरोबर नाही, तिसऱ्या ओळीला गळती लागलीच, पण “थांबले” वर सगळे सावरले. ज्याने तक्रार केली होती तो मुलगा आता म्हणतो, “मॅडम, वो लोग हमारे नीचे हैं.” खाली आहेत! घुसले होते ते खाली गेले. मी यावर काही बोलले नाही.

तिसऱ्या तासाला सरगम, दोन मात्रांनी. मास्तर, तुम्ही इशारा दिला होता तरी मुलांनी सां दोनदाच घेतला आणि तिथेच किचाट. तीन वेळा सांगून उपयोग झाला नाही. शेवटी फळ्यावर डोंगर काढला, शिखरावर एकच झेंडा. “झेंडा एकच आहे, दोनदा कसा लावाल?” मग जमलं. निषादावर भेटले तेव्हा दोन्ही गट हसायला लागले आणि गाणं बंद पडलं, ते वेगळं.

तीन गट नाही जमले. नायक म्हणून तीन मुली निवडल्या होत्या, त्यातली तिसरी त्या दिवशी गैरहजर.

नवीन प्रश्न: मुख्याध्यापकांना हे वार्षिक संमेलनात मंचावर हवं आहे. प्रत्येक गटापुढे एक माइक. माझ्या पोटात गोळा आलाय.

---

राजवाड्यापासून | शनिवार, रात्री ९:१०

माइक नको! प्रत्येक माइकसमोरच्या एकाच मुलाचा आवाज कर्ण्यातून येतो, बाकी गट गायब. आणि मुलांना स्वतःचा आवाज मागून, दुसऱ्यांचा समोरून, सगळा गोंधळ. मंचावरून खाली उतरवा. प्रेक्षकांच्या दोन बाजूंना दोन गट उभे करा. सुरुवातीला एकदा सगळ्यांनी मिळून गाऊन दाखवायचं, नाहीतर पालकांना वाटतं मुलं चुकतायत.

शेवट ठरवून ठेवा. एक तर प्रत्येक गटाने तीन वेळा म्हणून आपापला थांबायचं, आवाज एकेक करत कमी होतो. किंवा तुमचा हात वर गेला की जो तो ओळीच्या पाचव्या मात्रेवर आहे तिथे थांबून स्वर धरायचा. ढगांच्या गाण्यात तिथे ग, प, सां, सा आहेत, सुरेख लागेल.

---

जवारी | शनिवार, रात्री ९:४४

तंबोरा असणार ना मंचावर?

---

लष्करची सून | शनिवार, रात्री ९:५०

असणार, खराखुरा. सासरे जुळवून देणार आहेत. “तुझं गाणं मला पटलेलं नाही, पण तंबोरा बेसूर चालणार नाही,” असं म्हणाले.

---

जवारी | शनिवार, रात्री ९:५३

त्यांना माझा नमस्कार सांगा. गंधार ऐकायला मीही येईन म्हणतो, तानसेन समारोहाच्या दिवसांत ग्वाल्हेरला असतोच.

---

लष्करची सून | पुढचा बुधवार, दुपारी ३:१५

एक सांगायचं राहिलं. आज आम्ही सरगमचा राउंड घेत होतो. भिंतीपलीकडून, ज्या वर्गातून चिठ्ठी आली होती त्याच पाचवीच्या वर्गातून, तिसरा गट सुरू झाला. न सांगता. तीन आठवडे ऐकून ऐकून पाठ झालं असणार. माझी मुलं आनंदाने वेडी झाली.

पण ते एका मात्रेने आले. इतकं भयानक ऐकू आलं की विचारू नका. भिंतीपलीकडच्यांना मात्रा कशी दाखवायची?

---

मात्रामास्तर | बुधवार, दुपारी ३:४०

भिंतीवर दोन टिचक्या मारा. तिसऱ्याला त्यांनी सा घ्यायचा.